ब्रेकमधील हवा आणि ब्रेकमधील पाणी

मोटारीच्या निगेसंबंधी जे जे प्रश्न सामान्य मालकापुढे येतात त्यांत ब्रेकमधील द्रवाचा प्रश्न सर्वांत उपेक्षित राहिला आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. इंजिनातील तेल काळे पडले तर ते मापकाडीवर दिसते, रेडिएटरमधील पाणी आटले तर तापमानाचा काटा वर सरकतो, टायर झिजला तर त्याची नक्षी पुसट होते. ब्रेकमधील द्रवाने मात्र उष्णता सोसण्याची आपली शक्ती तिसऱ्या हिश्श्याने गमावली तरी पायाखालचे पेडल पूर्वीइतकेच घट्ट लागते, शहरातील रहदारीत गाडी पूर्वीइतक्याच अंतरात उभी राहते, आणि मालकाचा तिच्यावरील इतबार यत्किंचितही कमी होत नाही.

गॅरेजमध्ये या विषयातील दोन कामे नित्य चालतात. एक, ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणे; दुसरे, जुने होऊन पाणी शोषलेले ब्रेक-ऑइल काढून त्या जागी नवे भरणे. दोन्ही कामांस पान्हा तोच, पारदर्शक नळी तीच, पेडल दाबणारा पोरगाही तोच. सबब दोन्ही कामे एकच समजली जातात, आणि पहिले झाले म्हणजे दुसरेही आपोआप झाले, अशी मालकाची आणि पुष्कळदा मेस्त्रींचीही समजूत असते. वस्तुतः ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत. हवेची तक्रार पाय ताबडतोब नोंदवितो. पाण्याची तक्रार नोंदविणारे इंद्रिय मनुष्यापाशी नाही. द्रव किती मुदतीने बदलावा, कोणत्या चाकापासून आरंभ करावा, हवा दाबाने काढावी की ओढून काढावी, असे जे मतभेद या विषयात वर्षानुवर्षे चालू आहेत, त्यांपैकी बहुतेक या दोन प्रकरणांचे कागद एकाच दप्तरात बांधल्यामुळे उत्पन्न झालेले आहेत, असे माझे मत आहे.

द्रवाच्या साहाय्याने चालणाऱ्या ब्रेकचे मूळ तत्त्व ब्लेझ पास्काल या फ्रेंच पंडिताचे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्याचा सिद्धांत त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात आला. मोटारीत त्याचा उपयोग होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. तोवर ब्रेक सळया आणि तारा यांनी ओढले जात, आणि चारही चाकांच्या तारांना सारखा ताण देणे हे इतके जिकिरीचे काम होते की पुष्कळ गाड्यांच्या पुढच्या चाकांस ब्रेकच नसत. माल्कम लॉकहीड या अमेरिकन यंत्रज्ञाने १९१७ मध्ये द्रवचालित ब्रेकचे पेटंट मिळविले, १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीने आपल्या मॉडेल ए या उंची गाडीच्या चारही चाकांस असे ब्रेक बसविले, आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते मध्यम किमतीच्या गाडीत आणताना त्यांतील गळक्या चामडी वाट्यांच्या जागी रबरी वाट्या योजिल्या. हेन्री फोर्डची सळया-तारांवरील निष्ठा १९३९ सालच्या गाड्या येईपर्यंत टिकली.

रबर आले, आणि द्रव कोणता असावा याचा निर्णय त्यानेच दिला. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. वनस्पतिजन्य तेल त्याला मानवते. म्हणून पहिली काही दशके ब्रेकमधील द्रव हा प्रायः एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण असे. कोठा साफ करण्यासाठी आजीबाईंच्या फडताळात असणारे तेच एरंडेल डेट्रॉइटच्या आणि बर्मिंगहॅमच्या मोटारी थांबवीत होते, ही गोष्ट आज सांगूनही पटत नाही. पुढे कृत्रिम रबर आले, एरंडेल गेले, पण खनिज तेलाशी असलेले वैर राहिले. आजही ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन-ऑइल अथवा पॉवर-स्टिअरिंगचे तेल पडले, किंवा कोणी उत्साही मेस्त्रींनी वाट्या रॉकेलने धुतल्या, तर पेडलाजवळच्या मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचा सारा रबरी ऐवज बदलावा लागतो. इंजिन-ऑइलसाठी वापरलेले नरसाळे केवळ पुसून ब्रेकच्या टाकीस लावणे हा आपल्याकडील नित्याचा प्रमाद आहे. त्याची शिक्षा काही दिवसांनी मिळते, आणि तोवर नरसाळ्याची आठवण कोणासच राहत नाही.

सध्या प्रचारात असलेले ब्रेक-ऑइल मुख्यतः ग्लायकॉल ईथरांचे, आणि वरच्या प्रतींत त्यांच्या बोरेटयुक्त संयुगांचे, बनविलेले असते. हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्याचा जन्मस्वभाव आहे. टाकीच्या झाकणातील सूक्ष्म छिद्रातून आणि चाकांजवळच्या रबरी होज-पाइपांच्या भिंतींतून पाण्याचे रेणू अहर्निश आत झिरपत असतात; ज्या नळीतून बाहेर थेंबही गळत नाही ती नळी बाष्पाला अटकाव करू शकतेच असे नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरविलेली आणि जगभर रूढ झालेली जी प्रतवारी आहे, तीत याच कारणास्तव प्रत्येक प्रतीला दोन उत्कलनबिंदू नेमून दिलेले आहेत: एक कोरा, म्हणजे सीलबंद डब्यातील द्रवाचा; दुसरा ओला, म्हणजे वजनाच्या सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा. डॉट ३ या प्रतीस हे बिंदू किमान २०५ आणि १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ या प्रतीस २३० आणि १५५, आणि डॉट ५.१ या प्रतीस २६० आणि १८० असावे लागतात. शंभरांत चार भागही नसलेले पाणी ६५ ते ८० अंशांची खोट आणते, हा या सबंध प्रकरणाचा गाभा आहे. बाकीचे सारे तपशील त्याच्या अनुषंगाने येतात.

यावर कोणी विचारील की पाणी न शोषणारा द्रवच का वापरू नये? तसा द्रव आहे. तो सिलिकोनचा, जांभळ्या रंगाचा असून डॉट ५ या नावाने विकला जातो. अमेरिकन लष्कराने तो आपल्या वाहनांसाठी स्वीकारला, आणि हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींत तो कित्येक वर्षे होता. परंतु पाणी न शोषणे आणि पाणी आत न येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आत आलेले पाणी त्या द्रवात विरघळत नसल्यामुळे खोलगट जागी, म्हणजे नेमके चाकाजवळच्या कॅलिपरात, वेगळे साचते. तेथे ते शंभर अंशांस उकळते आणि लोखंडास गंज चढविते. शिवाय हा द्रव हवा अधिक विरघळवितो, त्यामुळे पेडल किंचित मऊ लागते, आणि चाके जखडू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या झडपांच्या जलद हालचालींत त्याला फेस येतो. ग्लायकॉलचा द्रव आलेले पाणी सर्वत्र सारखे पसरवून टाकतो, हा त्याचा अवगुण त्यामानाने सुसह्य म्हणावयाचा. डॉट ५ आणि डॉट ५.१ यांची नावे जवळजवळ सारखी आणि प्रकृती सर्वस्वी भिन्न ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची मात्र तारीफ करवत नाही. दुकानातून ब्रेक-ऑइल आणताना या एका टिंबाकडे नजर ठेवावी लागते, कारण या दोहोंचे मिश्रण कोणत्याही ब्रेकमध्ये चालत नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ परस्परांत मिसळू शकतात. अर्वाचीन स्थैर्य-नियंत्रण यंत्रणेच्या बारीक झडपांसाठी थंडीतही पातळ राहणारे डॉट ४ निराळे मिळते; गाडीच्या पुस्तिकेत ते सांगितले असेल तर साधे डॉट ४ भरून भागवू नये.

पाण्यामुळे उतरलेला उत्कलनबिंदू पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर सहसा कसोटीस लागत नाही. कसोटी लागते ती घाटात. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरणारी माणसांसह बाराशे किलोग्रॅम वजनाची मोटार सुमारे बाराशे मीटर उंची गमावते. या उताराची ऊर्जा मोजली तर ती एक कोटी चाळीस लाख जूल भरते, म्हणजे घरगुती मीटरवर जवळजवळ चार युनिट. हवेच्या आणि चाकांच्या विरोधात जाईल तेवढी सोडून बाकीची कोठेतरी जिरलीच पाहिजे. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरत असेल तर तिचा मोठा हिस्सा इंजिन आपल्या अंगावर घेते. चालकाने पेट्रोल वाचविण्याच्या हिशेबाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असेल तर तो सारा बोजा ब्रेकच्या चकत्यांवर आणि ड्रमांवर पडतो, तेथून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून द्रवात उतरतो. (इंजिनही बंद करून उतरणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्यांच्या गाडीत दोन-तीन दाबांनंतर ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्यही संपते, तेव्हा त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.)

यानंतर घडते ते असे. पेडल दाबलेले असते तोवर द्रवावरील दाब मोठा असतो आणि त्या दाबाखाली द्रव उकळत नाही. पाय उचलला की दाब वातावरणाइतका उतरतो, आणि कॅलिपरमधील तापलेल्या द्रवाची तत्काळ वाफ होते. पुढच्या वळणावर पाय पुन्हा पेडलावर पडतो तेव्हा तो द्रव दाबीत नसतो, वाफ दाबीत असतो. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि पेडल तळास जाऊन टेकते. याहून फसवा प्रकार घाट उतरून झाल्यावर होतो. चालता वारा लागत असेतो चकत्या काही प्रमाणात निवत असतात. पायथ्याशी चहासाठी गाडी उभी केली की तो वारा थांबतो, चकतीतील साठलेली उष्णता सावकाश कॅलिपरात शिरते, आणि संपूर्ण घाटात ज्या ब्रेकने दगा दिला नाही तो चहानंतरच्या पहिल्याच दाबाला रिकामा जातो. अशा वेळी पेडल भराभर दाबून उरलासुरला द्रव पुढे ढकलणे, गिअर उतरविणे आणि हातब्रेक हळूहळू ओढणे, एवढेच हाती राहते.

या प्रकाराची गल्लत पॅड तापून निकामी होण्याशी केली जाते. तेथे पेडल घट्ट असते, पायाचा सारा जोर लावूनही गाडी थांबत नाही, आणि जळका वास सुटतो. येथे पेडलच मऊ होते. पहिल्या दोषाचे वळ पॅडवर आणि चकतीवर राहतात. दुसऱ्याची वाफ निवून पुन्हा द्रव होते; मोटार वाहन निरीक्षक येऊन पेडल दाबून पाहीपर्यंत ते पूर्ववत घट्ट झालेले असते, आणि चालक ‘ब्रेक लागला नाही’ म्हणून सांगत असता त्याच्या जबानीस यंत्राचा दुजोरा मिळत नाही. स्वतःचा पुरावा स्वतःच नष्ट करणारा दुसरा दोष मोटारीत क्वचितच असेल.

मुदतीच्या प्रश्नावर कारखानदारांत एकवाक्यता नाही. बहुतेक यूरोपीय कारखानदार दोन वर्षे सांगतात, होंडा तीन सांगते, आणि अमेरिकेतील कित्येक कारखानदारांनी दीर्घकाळ कोणतीच मुदत घालून दिली नव्हती. या शेवटच्या गोष्टीचा दाखला देऊन, पंधरा वर्षे तोच द्रव वापरला आणि काही बिघडले नाही असे सांगणारे लोक सर्वत्र भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. ज्या रस्त्यावर द्रव कधी शंभर अंशांपर्यंतही तापला नाही त्या रस्त्यावरचा तो अनुभव आहे. परंतु गाडी सपाटीवर जन्म काढील अशी हमी आपल्या प्रांतात कोण देणार? कोकणात उतरण्यास घाट, देशावर चढण्यास घाट, आणि वर्षाचे चार महिने हवेत बाष्प भरून राहिलेले. अशा मुलखात दोन वर्षांची मुदत काटेकोरपणे पाळावी, किलोमीटरांचा आकडा काहीही असो, असे मला वाटते. कारण पाणी झिरपण्याचे काम उभ्या गाडीतही चालू असते.

मुदतीऐवजी तपासणीवर भिस्त ठेवावी असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि तत्त्वतः त्याचे म्हणणे बिनतोड आहे. अडचण साधनांची आहे. रंगावरून निर्णय करता येत नाही, कारण द्रव काळवंडतो तो मुख्यतः रबराच्या झिजेने आणि उष्णतेने. स्वच्छ पिवळसर द्रवातही पुरेसे पाणी असू शकते. लेखणीच्या आकाराचे जे विद्युत्-मापक बाजारात मिळतात ते द्रवाची विद्युत्-वाहकता मोजून पाण्याचा अंदाज बांधतात. परंतु ही वाहकता द्रवाच्या घटकद्रव्यांप्रमाणेही बदलते, आणि शिवाय मोजणी टाकीत होते, जेथील द्रव कॅलिपरातील द्रवाहून चांगला असण्याचाच संभव अधिक. तांब्याचे प्रमाण दाखविणाऱ्या रासायनिक पट्ट्यांचे तर्कशास्त्र अधिक मार्मिक आहे. ब्रेकच्या पोलादी नळ्या आतून तांब्याने डाखलेल्या असतात; द्रवातील गंजरोधक द्रव्ये संपत आली म्हणजे ते तांबे विरघळू लागते, आणि दशलक्ष भागांत दोनशे भाग तांबे आढळले की द्रव बदलावा असा संकेत आहे. पण पट्टी गंजाविषयी सांगते, उत्कलनाविषयी नाही. नमुना घेऊन तो प्रत्यक्ष उकळवून पाहणारे यंत्र हेच खरे विश्वसनीय. ते आपल्या गल्लीतील गॅरेजमध्ये असणे दुर्मिळ, आणि ते विकत घेण्याच्या खर्चात कितीतरी गाड्यांचा द्रव बदलून होईल.

टाकीतील पातळी खाली गेली की वरून भर घालण्याचा जो प्रघात आहे त्याविषयी येथेच लिहितो. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि तेवढा द्रव टाकीतून उतरतो. ही घट गळतीची नाही, झिजेची आहे, आणि तिचा अर्थ पॅड पाहावेत एवढाच. वरून भर घातली तर ही सूचना पुसली जाते, आणि नवे पॅड बसविताना पिस्टन मागे ढकलले की जादा द्रव टाकीबाहेर सांडून बॉनेटखालचा रंग खातो. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली किंवा पॅड जाड असूनही उतरत असेल तर ती गळती, आणि तेथे भर घालून गाडी वापरीत राहणे हे गाफीलपणाचे लक्षण.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत जुनी आणि अद्याप सर्वांत प्रचलित पद्धत दोन माणसांची. प्रथम टाकीतील जुना द्रव सिरिंजने उपसून नवा भरावा. ही साधी गोष्ट न केल्यामुळे टाकीतला गाळ सगळ्या नळ्यांतून फिरविला जातो. मग चाकाच्या निपलावर, म्हणजे द्रव सोडण्याच्या छोट्या तोटीवर, पारदर्शक नळी बसवून तिचे टोक बाटलीतील थोड्या द्रवात बुडवावे. आतला माणूस सावकाश पेडल दाबून धरतो, बाहेरचा पान्ह्याने निपल पाव फेरा सैल करतो, द्रव बाहेर येतो, निपल आवळले जाते, आणि त्यानंतरच पाय उचलला जातो. दाब, धर, सोड, या तीन हुकमांचा क्रम चुकला, निपल उघडे असता पाय सुटला, की जेवढी हवा काढली तेवढी परत आत गेली म्हणून समजावे. पेडल भराभर मारून मग दाबून धरण्याची जी रीत पुष्कळ ठिकाणी दिसते ती मला पसंत नाही; तिने मोठे बुडबुडे फुटून त्यांची बारीक फेसासारखी हवा होते, आणि ती बाहेर पडण्यास अधिक वेळ घेते. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेऊ नये, त्याखाली लाकडी ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात वाट्या एरवी पोहोचत नाहीत तेथे गंज धरलेला असतो, त्यावरून त्या घासल्या की फाटतात, आणि हवा काढण्यासाठी आणलेली गाडी नव्या मास्टर सिलिंडरचे बिल घेऊन जाते. पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहिलीच पाहिजे. टाकी रिकामी होऊन मास्टर सिलिंडरने हवा घेतली तर सर्व काम पहिल्यापासून करावे लागते.

एकट्याने काम करणाऱ्यांसाठी इतर मार्ग आहेत. निपल उघडून द्रव केवळ स्वतःच्या भाराने ठिबकू देणे हा सर्वांत निरुपद्रवी. वेळ फार लागतो, पण द्रव बदलण्याच्या कामास तो उत्तम, मात्र उंच कोपऱ्यात अडकलेली हवा त्याच्या मंद प्रवाहाने हलतेच असे नाही. निपलाकडून पंपाने ओढून घेण्याच्या पद्धतीत एक फसवणूक आहे: निपलाच्या आट्यांभोवतीने बाहेरची हवा ओढली जाते, नळीत बुडबुडे येतच राहतात, आणि करणारा आत हवा आहे असे समजून लिटर-लिटर द्रव वाया घालवितो. टाकीवर झाकण बसवून एक ते दोन वातावरणांच्या सौम्य दाबाने द्रव ढकलणे हे सर्वांत निर्दोष, आणि मोठ्या सर्व्हिस-केंद्रांत तेच चालते. खालून, निपलातून, सिरिंजने द्रव वर चढविण्याचा एक उलटा मार्गही आहे. हवा स्वभावतःच वर जाणारी असल्यामुळे रिकाम्या यंत्रणेत तो चटकन फळ देतो, परंतु जुन्या गाडीत कॅलिपरातला गाळ थेट एबीएसच्या झडपांत जाऊन बसतो, म्हणून द्रव बदलण्याच्या कामास तो वर्ज्य.

कोणत्या चाकापासून आरंभ करावा याविषयी जेवढा वाद होतो तेवढा विषय मोठा नाही. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम, या शिरस्त्याप्रमाणे आपल्या उजव्या हाताच्या गाड्यांत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम लागतो. पण ज्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्यांचे एक मंडल पुढच्या एका आणि मागच्या विरुद्ध बाजूच्या चाकाचे मिळून असते त्यांत कर्णाने जाणे अधिक सयुक्तिक, आणि होंडासारखे काही कारखानदार आरंभच पुढच्या चाकापासून सांगतात. पुस्तिकेत असेल तो क्रम पाळावा. नुसता द्रव बदलावयाचा असेल तर क्रमाने फारसा फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट मात्र मेस्त्रींच्याही लक्षातून निसटते. पुष्कळ गाड्यांत, विशेषतः मालवाहू आणि जीपसारख्या गाड्यांत, मागच्या धुरीजवळ भाराप्रमाणे दाब नियंत्रित करणारी झडप असते; गाडी उचलून चाके लोंबकळत ठेवली की भार नाही असे समजून ती मागचा प्रवाह आखडते, आणि मागच्या चाकांतून द्रव का येत नाही याचा उलगडा कोणास होत नाही.

सर्व काही करूनही पेडल मऊच राहते, अशा गाड्यांचा अनुभव ज्यास नाही तो मेस्त्री नव्हे. येथे हवेवरच संशय धरून बसणे ही मोठी चूक. डाव्या-उजव्या कॅलिपरांची अदलाबदल झाली असेल तर निपल वरच्या ऐवजी खालच्या बाजूस येते, आणि त्यातून कितीही द्रव काढला तरी वरच्या पोकळीतली हवा जागची हलत नाही. ड्रममधील लायनर झिजून शूज दूर गेले असतील तर पेडल पहिल्या दाबाला खाली जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येते. तेथे हवा काढण्याऐवजी शूज जुळवावे लागतात. पेडल सतत दाबून धरले असता ते सावकाश बुडत जात असेल आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या वाट्या द्रव मागे सोडीत आहेत असे खुशाल समजावे. जुना होज-पाइप दाबाखाली फुगतो, त्याचेही लक्षण मऊ पेडल हेच.

निपलाची कथा आपल्या किनाऱ्यावर निराळी. रत्नागिरी, मालवण, पणजी येथील खाऱ्या दमट हवेत ज्या निपलावर रबरी टोपी नाही ते पाच वर्षांत असे गंजते की पान्हा लावताच त्याची मान हातात येते. गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशी टाकून ठेवावे, सहा कोनांचा पूर्ण वेढणारा पान्हा वापरावा, आणि प्रथम किंचित आवळून मग सोडावे. ज्योत लावून तापविण्याचा मोह टाळावा: आत रबर आहे, आणि हा द्रव पेटणारा आहे. परत बसविताना बहुतेक निपलांना ७ ते १५ न्यूटन-मीटर एवढाच ताण पुरतो, म्हणजे लहान पान्हा आणि मनगट. दंडाचे काम नाही. सांडलेला द्रव रंग सोलतो, परंतु पाण्यात मिसळतो, म्हणून फडक्याने पुसून न थांबता भरपूर पाण्याने धुवावा. काढलेला द्रव पुन्हा वापरण्याजोगा कधीच नसतो. तो विषारी आहे, म्हणून शीतपेयाच्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवू नये, गटारात ओतू नये, जुन्या इंजिन-ऑइलच्या पिंपातही टाकू नये. उघडलेल्या डब्यातला उरलेला नवा द्रवही काही महिन्यांनी विश्वासास पात्र राहत नाही, त्यामुळे लहान डबे घेणे शहाणपणाचे. एका मोटारीस संपूर्ण बदलासाठी साधारणतः एक लिटरच्या आत-बाहेर लागतो.

२०१९ पासून आपल्याकडील नव्या मोटारींत एबीएस सार्वत्रिक झाले, आणि तेव्हापासून हे काम संगणकाशिवाय होतच नाही अशी एक समजूत पसरली आहे. ती अर्धवट खरी आहे. नुसता द्रव बदलावयाचा असेल आणि टाकी एकदाही कोरडी पडू दिली नसेल, तर बहुतेक गाड्यांत जुनी पद्धत पुरते. एबीएसच्या बंद पोटमार्गांत थोडा जुना द्रव उरतो, तो यंत्रणा प्रत्यक्ष कामास आली की मुख्य द्रवात मिसळून जातो. याउलट त्या यंत्रणेत हवा शिरली असेल, किंवा ती खोलून बदलली असेल, तर तिचा पंप आणि झडपा स्कॅनरच्या आज्ञेने चालविल्याखेरीज ती हवा निघत नाही, आणि तेथे घरी हात घालण्यात अर्थ नाही. हायब्रिड आणि विद्युत् गाड्यांत, जेथे पेडल आणि चाक यांच्या मध्ये संगणकाने चालविलेला दाब असतो, तेथे पॅड बदलण्यापूर्वीसुद्धा यंत्रणा विधिपूर्वक निद्रिस्त करावी लागते. काही गाड्यांत केवळ दार उघडल्याने पंप जागा होऊन दाब भरतो, आणि कॅलिपरजवळ बोटे असणाऱ्या माणसास ते ठाऊक असणे बरे.

विद्युत् गाड्यांच्या मालकांत एक नवे समाधान आढळते: आमचा वेग मोटरच परत ओढून घेते, ब्रेक क्वचितच लागतो, तेव्हा द्रव बदलण्याचे कारण नाही. सपाट रस्त्यावर यात तथ्य आहे. परंतु मोटरने परत घेतलेली ऊर्जा बॅटरीत साठविली जाते, आणि बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती घेण्यास जागा नसते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर गाडी पूर्ण चार्ज करून सकाळी आंबेनळीने खाली निघालेल्या मालकाच्या बाबतीत, पहिल्या काही किलोमीटरांत उताराची ऊर्जा स्वीकारण्यास मोटर नकार देण्याचा पुष्कळ संभव असतो, आणि तेवढ्या उताराचा सारा बोजा त्या ब्रेकांवर येतो, जे वर्षभर फारसे तापलेले नाहीत आणि ज्यांतील द्रव गाडी विकत घेतल्यापासून कोणी पाहिलेला नाही. अशा ठिकाणी चार्जिंग ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर थांबवावे, आणि गाडी घेऊन दोन वर्षे उलटली असतील तर घाटाच्या प्रवासास निघण्यापूर्वी तिचा द्रव बदलून घ्यावा.